इन्फिनिटचा अर्थ

पौड, ता. १८ फेब्रुवारी १९५९

सौ. सगुणा हिला,

वरती आशीर्वाद लिहिणार होतो, पण रविवारी तू ज्या तोंडानं गेलीस ते आठवून हात आखडला. आशीर्वाद तू परत आल्यावर समक्ष देईन.

(नथू, हे पत्र तू बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. जिथं कंस दिसेल तिथलं मनात वाचायचं. हा कंस आहे.)

तर एका भाकरीवरून तू घर सोडलंस. मी लोकांना हेच सांगतोय आणि लोकांना पटतंय. साहेब म्हणाले, "वहिनी, आज भाकरी जरा जाड झाली," आणि दुसऱ्या दिवशी तू गाठोडं बांधून माहेरी कोळवणला. आता भाकरी जाड होती हे तुलाही ठाऊक आहे नि मलाही. साहेबांनी फक्त ते तोंडानं म्हटलं.

साहेब आपल्याकडं आठ दिवसांसाठी उतरले आणि त्याला चौदा महिने झाले, हा तुझा मुद्दा मी खोडत नाही. विकास योजनेचे विस्तार अधिकारी, कुटुंब तिकडं खानदेशात, आणि लेक सासरी गेल्यापासून आपली पडवी रिकामी. नाही कसं म्हणायचं? मी कचेरीसमोर चिंचेखाली बसून अर्ज लिहिणारा माणूस. सरकारी माणसाला नाही म्हणणारा अर्जवाला तू तरी कुठं पाहिलायस? शिवाय साहेबांना इंग्रजीची कदर आहे. पौडात माझ्या इंग्रजीला कुत्रं विचारत नव्हतं. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "वाल्मीकराव, तुम्ही इथं काय करताय?" असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. आता त्यांना चौदा महिने दोन्ही वेळा वाढलंस तू, हे खरं. त्यांची जेवतानाची भाषणंही तू ऐकलीस. शोषखड्ड्यावरचं तर तुला पाठ झालं होतं.

जाताना उंबऱ्यात उभी राहून तू विचारलंस, "काल जेवताना तुमी सायबाला विंग्रजीत काय म्हणलात? त्यात इनफिनिट असं कायतरी व्हतं. मंग तुमी दोघं हसलात." तेव्हा मी घाईत होतो. आता सवडीनं सांगतो. इन्फिनिट म्हणजे अनंत. ज्याला अंत नाही. देवाला लावायचा शब्द आहे तो. मी साहेबांना म्हणालो, माझ्या बायकोचे माझ्यावर अनंत उपकार आहेत. साहेब हसले ते आनंदानं. मी हसलो ते साहेब हसले म्हणून.

बाकी घरी ठीक. रोज पिठलं. साहेब तक्रार करत नाहीत, फक्त डाळीच्या पिठात किती कस असतो त्याबद्दल बोलतात. म्हैस मला लाथ मारते. लवकर ये.

वाल्मीक


पौड, ता. ५ मार्च १९५९

सौ. सगुणा,

तुझं कार्ड पोचलं. नथूचं अक्षर सुधारलंय, मजकूर काही सुधारलेला नाही. "उपकार म्हनताना मानूस ताटात बघून हसत न्हाई. खरं काय त्ये लिवा. तीन तासाची वाट हाय नि टपालाला तीन दिस लागत्यात, येवडं बी कळंना का?"

कळतं. पण जो माणूस बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं लेखी मागणी करत आला, त्यानं एकदम सासुरवाडीच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे काय बोलायचं? कागदावर मी कुणालाही ऐकत नाही. समोरासमोर माझं काय होतं ते तू चौदा महिने पाहिलंस.

आता बातमी ऐक, आणि नथू, हे जरा चढ्या आवाजात वाच. साहेबांची बदली झाली. खानदेशातच, त्यांच्या घराजवळ. सोमवारी कागद आला आणि पौडात सणासारखं वातावरण झालं. तुला वाटतं साहेबांचा ताप फक्त आपल्या घराला होता. अगं, सगळ्या गावाला दर रविवारी श्रमदान, श्रमदानाच्या आधी भाषण, श्रमदानाच्या नंतर भाषण. रस्ता खणून झाला तेव्हा तो सरळ झाला नाही म्हणून बुजवून पुन्हा खणला. बदलीचा कागद आला त्याच दिवशी लोकांनी ठरवलं की साहेबांना मानपत्र द्यायचं. चौकटीत बसवून, हार घालून, म्हणजे माणूस समाधानानं जातो.

सरपंच गेणबा स्वतः चिंचेखाली आला. मला म्हणाला, "वाल्मीक, मानपत्र तूच लिव. आन विंग्रजीत लिव, मराठीत लिवलेलं वर कोन वाचतंय? शब्द हात राखून घालू नको. मानूस खूश होऊन गेला पायजे. अर्ध्या वाटंतनं माघारी आला तर तुझ्या घरी हाय बग."

म्हणून डिक्शनरी काढली. तिची अवस्था तुला ठाऊक आहे. पी च्या पुढची पानं मी ती पुण्याच्या जुन्या बाजारात घेतली तेव्हाच नव्हती, आणि ए ते डी तू दोन पावसाळ्यांत चूल पेटवायला वापरलीस. उरलं ई ते पी. पण सगुणा, इंग्रजांनी अनंताचा सगळा माल ई ते पी मध्येच भरून ठेवलाय. मी तीन दिवस जेवायचं विसरलो. एंडलेस म्हणजे शेवट नसलेलं. इटर्नल म्हणजे ज्याला शेवटही नाही आणि सुरुवातही नाही. एव्हरलास्टिंग म्हणजे टिकाऊ. इनसेसंट म्हणजे आपल्या मुळशीकडचा आषाढातला पाऊस, मध्ये दम न घेणारा. इनएक्झॉस्टिबल म्हणजे कितीही उपसलं तरी न आटणारं, ते आपल्या विहिरीला लागू नाही. लिमिटलेस म्हणजे बांध नसलेलं. इन्न्युमरेबल म्हणजे मोजायला बसलो आणि नाद सोडला. मिरिअड म्हणजे मुळात दहा हजार, पण दहा हजार भरले का ते कुणी बघत नाही. पर्पेच्युअल म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यासारखं, बापाकडून लेकाकडं. आपल्याकडं एकदा लई म्हटलं की झालं. त्यांनी एकेका लईला वेगळी दावण दिलीय.

साहेब गेले की तुझी अट पुरी होते. अट तू बोलून दाखवलेली नाहीस, पण मला समजते. पंधराला मानपत्र, वीसला साहेबांचं जाणं, एकवीसला तू ये.

वाल्मीक


पौड, ता. १७ मार्च १९५९

सौ. सगुणा,

समारंभ फार छान झाला. शाळेच्या अंगणात मांडव घातला, बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. साळूबाईनं विचारलं, सगुणा दिसत न्हाई ती? मी सांगितलं, तब्येत. कुणाची ते सांगितलं नाही.

मानपत्र मीच वाचलं. "वी, द इन्न्युमरेबल पीपल ऑफ धिस प्लेस, विथ इटर्नल ग्रॅटिट्यूड अँड इनएक्झॉस्टिबल लव्ह." असं दोन पानं. कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण शब्द लांब आला की गेणबा टाळी वाजवायचा आणि मग सगळं अंगण टाळ्या वाजवायचं. इमेझरेबलला, म्हणजे मोजमाप नसलेल्याला, तर मला थांबावं लागलं. साहेबांच्या भाषणांबद्दलही एक ओळ घातली होती. त्यांना मी इंटरमिनेबल म्हटलं. हा शब्दही ई ते पी मधलाच, शेवट नसलेलं हाच अर्थ, पण डिक्शनरीत पुढं बारीक अक्षरात असं दिलंय की ऐकणारा दमून जातो. बारीक अक्षर साहेबांनी वाचलेलं नसावं, कारण त्या ओळीला त्यांनी रुमाल काढला.

नंतर उत्तरादाखल ते बोलले. ऊन डोक्यावर होतं तेव्हा उभे राहिले, सावल्या लांबल्या तेव्हा बसले. शेवटी शेवटी त्यांचा आवाज निघेना. कागदाची चौकट दोन्ही हातांत धरून ते घरी आले आणि पडवीत खुंटीला लावून तिच्यासमोर बसले. जेवणावर एक शब्द बोलले नाहीत. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण म्हटलं जाणारा माणूस आहे, बसू दे.

तुझं दुसरं कार्ड आलं. त्यात परत तेच. मानपत्राचं एवढं रामायण लिहिलं, त्यावर अक्षर नाही, आणि त्या एका वाक्याचा अर्थ मात्र हवा. बरं, नीट ऐक. मागच्या खेपेला गडबडीत थोडं इकडचं तिकडं झालं असेल. वाक्य असं होतं की माझी माझ्या बायकोवर अनंत माया आहे. आता परक्या माणसासमोर असं बोलल्यावर हसू येणारच.

(नथू, हे वाचताना तिच्या तोंडाकडं बघ आणि काय दिसलं ते मला वेगळं कळव.)

एकवीसला वाट बघतो. घर सारवायला धोंडाबाईला सांगितलंय.

वाल्मीक


पौड, ता. २६ मार्च १९५९

सौ. सगुणा,

एकवीसला तू आली नाहीस ते एका परीनं बरं झालं. साहेबही गेले नाहीत.

झालं असं की वीसला सकाळी साहेबांचा बिछाना बांधलेला होता. एस. टी. च्या आधी ते म्हणाले, पुण्याला वरच्या ऑफिसात भेटून येतो. मानपत्र काखोटीला मारून गेले. मला वाटलं, दाखवायला नेतायत. संध्याकाळच्या गाडीनं परत आले ते बदली रद्द करून. हातात कागद. वरच्या साहेबांनी माझं मानपत्र वाचलं आणि त्यावर लिहिलं की जिथल्या असंख्य जनतेचं एका अधिकाऱ्यावर इतकं अपार प्रेम आहे, तिथून त्याला हलवणं योजनेच्या हिताचं नाही. निदान तीन वर्षं. माझेच शब्द, सगुणा. इन्फिनिट, इन्न्युमरेबल, दोन्ही त्यांनी जसेच्या तसे उचलले. स्पेलिंगलासुद्धा हात लावला नाही.

पौडात मला आता कुणी बसा म्हणत नाही. भैरू न्हावी अर्धी दाढी करून म्हणाला, "उरलेली एटर्नल झाल्यावर या." मी तसाच घरी आलो. शिमग्याला तर कहर. होळीभोवती सगळ्यांच्या नावानं बोंब मारायची रीतच आहे, पण या वर्षी पोरासोरांनी, म्हाताऱ्यांनी, झाडून सगळ्यांनी फक्त माझ्या नावानं मारली. आपल्या दारात येऊन मारली. साहेब बाहेर आले आणि मला म्हणाले, "वाल्मीकराव, लोकांचं तुमच्यावरही किती प्रेम आहे." मग त्यांनी शिमग्यातल्या अपशब्दांवर थोडक्यात बोलायला सुरुवात केली.

पोळ्या मी केल्या. पुरण बाहेर, पोळी आत. साहेबांनी चार खाल्ल्या. माणूस वाईट नाही, सगुणा. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

तुझं कार्ड समोर आहे. "पयल्यांदा उपकार, दुसऱ्यांदा माया. तिसऱ्यांदा काय?" तिसऱ्यांदा काही नाही. मी म्हटलंच होतं की तो शब्द मोठा आहे, त्यात बरंच मावतं. तू असल्या बारीकसारीक गोष्टी धरून बसतेस आणि इथं माझी अब्रू वेशीला टांगलीय. घरात येऊन नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून कोळवणात बसून प्रश्न विचारतेस. मला राग आलाय, तो मी इथं लिहून ठेवतो.

वाल्मीक


पौड, ता. ९ एप्रिल १९५९, पाडवा

सगुणा,

मागच्या पत्रात रागावून लिहिलं. त्यावर तू उत्तर देणार नाहीस असं वाटलं होतं. उत्तर आलं. मी ते चिंचेखाली बसून वाचलं. समोर रमजानभाई बैल हरवल्याचा अर्ज लिहून घ्यायला बसले होते. तुझं कार्ड वाचलं आणि पुढं त्यांच्या अर्जात काय लिहीत गेलो मला कळलं नाही. वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "वाल्मीकभाऊ, ह्यात बैल कुटं हाय? ह्यात तर तुमच्याच घरातलं मानूस हरवलंय." मी कागद फाडला आणि त्यांना दुसरा लिहून दिला.

तू लिहिलंस, "सायेब ऱ्हाऊ दे न्हायतर जाऊ दे. आनखी दोन मानसं आनली असती तरी म्या भाकरी थापली असती. म्या सायबापायी घर सोडलं न्हाई. तुमी हसला त्यापायी सोडलं. मला विंग्रजी येत न्हाई, पन हसनं कळतं."

मी महिनाभर साहेबांना घालवायच्या मागं लागलो होतो. गेणबाच्या सांगण्यावरून उलटा अर्जसुद्धा लिहायला घेतला होता, की आमचं प्रेम आता संपलेलं आहे. तो काही जमला नाही. त्यासाठी डिक्शनरी उघडली तर एंडलेसच्या मागोमाग, दुसऱ्याच पानावर, इनफ असा शब्द होता. इनफ म्हणजे पुरे. इतकी वर्षं ते पान मी ओलांडूनच पुढं जात होतो.

आज पाडव्याला दुपारी साहेब आणि मी जेवायला बसलो. गुढी मी उभारली, वाकडी झाली. साहेबांनी गुढीवर बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो, "साहेब, पुरे." मराठीतच म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. साहेबांचा घास हातात राहिला.

मग मी सांगत सुटलो. म्हटलं, साहेब, तुम्ही आठ दिवसांसाठी आला होता. तुम्ही जावं असं आम्हाला वाटत होतं आणि ते मला तोंडानं सांगता आलं नाही. मानपत्र तुम्ही जावं म्हणून लिहिलं होतं. त्यातलं एकही प्रेम मोजून घातलेलं नव्हतं, सगळी डिक्शनरी रिकामी केली होती. माझी बायको तब्येतीनं गेलेली नाही. त्या दिवशी जेवताना मी तिच्याबद्दल तुमच्याजवळ इंग्रजीत एक वाक्य बोललो, म्हणून गेलीय.

साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "ते वाक्य आठवतंय मला. मी हसलो होतो का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मोठ्यानं?"

"व्हय."

ते म्हणाले, "अकरा गावं झाली, वाल्मीकराव. प्रत्येक गावानं हार घातला आणि लगेच स्टँडवर पोचवायला गाडी जुंपली. दोन पानं कुणी लिहिली नव्हती. मी ते वरच्या ऑफिसात वाचून दाखवलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली, की इतकं काय केलंय आपण? पण खरं असेल म्हटलं. इंग्रजीत होतं."

मला रडू आलं, सगुणा. साहेबांनी हात धुतले आणि बिछाना बांधला. बदली पुन्हा मागून घेतो म्हणाले, पण मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर गेणबाच्या माडीवर राहायला गेले. आठ दिवसांसाठी. गेणबा दारात उभा होता, मी त्याच्याकडं बघितलं नाही. जाताना साहेबांनी खुंटीवरचं मानपत्र काढलं आणि विचारलं, "हे नेऊ ना?" मी म्हटलं, "न्या. तुमच्याच नावाचं आहे."

आता राहिलं तुझं उत्तर. ते वाक्य मी या कागदावर लिहीत नाही. लिहिलं तर नथू वाचणार, आणि माझ्या तोंडून आलेलं तुझ्याविषयीचं ते बोलणं तुझ्या भावाच्या तोंडून तुझ्या कानावर पडावं हे मला चालायचं नाही. रविवारी कचेरी बंद असते. रविवारी निघतो.

वाल्मीक


कोळवणच्या अलीकडं, आंब्याखाली, ता. १२ एप्रिल १९५९

सगुणा,

हे पत्र टपालात पडणार नाही. तीन तासांची वाट होती, मला चार लागले. मधल्या खिंडीत दोनदा बसलो. आता इथून तुमचं अंगण दिसतंय. तू बाजेवर पापड वाळत घालतेयस. चार पावलं टाकली की पोचतो, पण पाय उचलत नाही, म्हणून मांडीवर कागद घेतला. समोर आल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटेल, हे मला आत्ताच कळतंय.

वाक्य असं होतं. "हर इग्नोरन्स इज इन्फिनिट." म्हणजे, हिच्या अडाणीपणाला अंत नाही. साहेब भाकरीबद्दल बोलले आणि मला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणायला पाहिजे. दुसरं काही सुचलं असतं तर ते म्हटलं असतं, असं मी स्वतःला दोन महिने सांगत आलोय. पण सुचलं तेच. उपकार नव्हते त्यात आणि मायाही नव्हती. मी खोटं बोललो, आणि तेही लेखी, दोनदा.

काल हिशेब घातला. चौदा महिने, दोन वेळा, साहेबांना तीन तीन भाकऱ्या. अडीच हजारांच्या वर झाल्या. माझ्या आणि तुझ्या वेगळ्या. त्या अडीच हजारांत एक जाड झाली आणि मी म्हणालो, हिच्या अडाणीपणाला अंत नाही. तू गेल्याला आज छप्पन्न दिवस झाले. हे छप्पन्न म्हणायच्या रीतीतले नाहीत, भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्यात. आल्यावर तुला त्या पुसायला लागतील, किंवा मी पुसीन.

चुकलो, सगुणा. मी पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं. यायचं का नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी पुढच्या रविवारी परत येईन, आणि त्याच्या पुढच्याही. किती रविवार ते विचारू नकोस, मी एकेकच धरणार आहे.

नथू दारात आला. त्यानं मला पाहिलं. तुला काहीतरी म्हणतोय. तू मान वर केली नाहीस, पापड उलटतेयस. बाजेवरचे संपले. आता सुपातले. आता उठलीस. आत गेलीस.

तांब्या घेऊन बाहेर आलीस. नथू हात पुढं करतोय, तू त्याच्या हातात देत नाहीस. तूच इकडं येतेयस. चालण्यावरून राग अजून तेवढाच दिसतोय. मी उभा राहतो. हे सगळं उभ्यानंच वाचून दाखवीन, आणि कंस कुठंही घातलेला नाही.